मापाचंही माप घ्यावं लागतं

तराजूनं तोलून घेतलेला माल बरोबर असतो, अशी आपली समजूत असते. पण जुनी माणसं वाण्याच्या दुकानात उभी राहिली की आधी मालाकडे बघत नसत, पारड्यांकडे बघत. रिकाम्या पारड्यांचा काटा मध्यावर उभा राहतो का, कुठे पासंग तर नाही ना, मापांवर सरकारी शिक्का आहे का, एवढं पाहून मग किलो-दोन किलो साखर घेत. प्रयोगशाळेतसुद्धा असा एक तराजू आहे. कॅन्सरवरची, मधुमेहावरची, मेंदूच्या विकारांवरची कितीतरी संशोधनं त्या तराजूवर तोलली जातात. त्याचा पासंग कसा तपासायचा, याबद्दल आज मी बोलणार आहे.

या तराजूचं नाव वेस्टर्न ब्लॉट. हे शब्द तुमच्यापैकी काहींच्या कानावरून नक्की गेले असतील. एचआयव्हीची पहिली तपासणी पॉझिटिव्ह निघाली, तर खात्री करून घेण्यासाठी अनेक वर्षं हीच तपासणी केली जात असे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०१४ साली या कामासाठी तिच्याऐवजी नव्या तपासण्या सुचवल्या. दवाखान्यातलं तिचं महत्त्व कमी झालं, पण संशोधनातलं नाही. पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळा असोत की बोस्टनच्या, पेशीतल्या एखाद्या प्रथिनाचं प्रमाण वाढलं की घटलं, हे बघायचं म्हटलं की संशोधकाचा हात आजही बहुधा वेस्टर्न ब्लॉटकडेच जातो.

नावाची गोष्ट गमतीची आहे. १९७५ साली एडविन सदर्न या ब्रिटिश शास्त्रज्ञानं डीएनएचे तुकडे जेलमधून एका पातळ पडद्यावर टिपून घेण्याची पद्धत शोधली. शाईचा टिपकागद शाई टिपतो ना, तसंच. म्हणून ती 'सदर्न ब्लॉट'. सदर्न हे त्यांचं आडनाव, पण इंग्रजीत त्याचा अर्थ दक्षिणेकडचा. मग १९७७ साली आरएनएसाठी तशीच पद्धत निघाली, तिला थट्टेनं 'नॉर्दर्न' म्हटलं गेलं. १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात हॅरी टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांसाठी ही युक्ती वापरली. पुढे १९८१ साली नील बर्नेट यांनी आपल्या पद्धतीला 'वेस्टर्न' असं नाव दिलं. ते काम करत होते ते सिअ‍ॅटल शहर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. अशी ही दिशांची मालिका पुरी झाली.

आता हे काम चालतं कसं ते थोडक्यात पाहू. समजा, आपल्याला एका औषधाचा परिणाम पाहायचा आहे. काही पेशींना औषध दिलं, काहींना दिलं नाही. दोन्हीकडच्या पेशी फोडून त्यातली सगळी प्रथिनं द्रावणात घेतली. हे द्रावण साबणासारख्या एका रसायनात उकळलं की प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि सगळ्यांवर ऋण विद्युतभार बसतो. मग खरवसासारख्या मऊ, थरथरत्या जेलच्या वरच्या कडेला केलेल्या छोट्या खाचांमध्ये ते ओतायचं आणि वीज सुरू करायची. जेल म्हणजे एक बारीक जाळंच. हलकी प्रथिनं त्यातून भराभर खाली सरकतात, जड प्रथिनं मागे रेंगाळतात. तासा-दीड तासात वजनाप्रमाणे ती रांगेत लागतात. हे वजन किलोडाल्टन या एककात सांगतात.

मग या जेलवर एक पातळ पडदा ठेवून विजेच्या साहाय्यानं प्रथिनं त्या पडद्यावर उतरवून घ्यायची. पडद्याची मोकळी राहिलेली जागा झाकण्यासाठी तो चक्क दुधाच्या पावडरीच्या द्रावणात बुडवून ठेवतात. त्यानंतर येते अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड. आपल्या शरीरात शिरलेल्या जंतूला ओळखून पकडणारी प्रतिपिंडं आपल्याला ठाऊक आहेत. इथे ससा किंवा उंदीर यांच्यापासून मिळवलेलं, नेमकं आपल्याला हवं तेच प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड वापरतात. ते त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. पण ते आपल्याला दिसणार कसं? म्हणून दुसरं प्रतिपिंड घालायचं. हे पहिल्याला पकडतं आणि त्याच्या शेपटीला एक विकर जोडलेलं असतं. हे विकर आपल्या मुळ्याच्याच कुळातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या कंदापासून मिळतं. त्याला योग्य रसायन दिलं की मंद प्रकाश निघतो. अंधारात त्याचा फोटो घेतला की पडद्यावर काळी पट्टी उमटते. प्रथिन जास्त असेल तर पट्टी जाड आणि गडद, कमी असेल तर फिकी.

औषध दिलेल्या पेशींच्या रांगेत पट्टी फिकी दिसली. म्हणजे औषधानं ते प्रथिन कमी केलं का? घाई करू नका. कदाचित त्या खाचेत द्रावणच कमी पडलं असेल. पिपेटमध्ये बुडबुडा आला असेल. पडद्याच्या त्या बाजूला प्रथिनं नीट उतरलीच नसतील. मग औषधाचा गुण आणि हाताची चूक यांतला फरक कसा कळणार?

त्यासाठी जे प्रथिन दोन्हीकडे सारखंच असायला हवं, अशा एखाद्या प्रथिनाची पट्टीही त्याच पडद्यावर बघतात. याला म्हणतात लोडिंग कंट्रोल. ती पट्टी दोन्ही रांगांत सारखी आली, तर दोन्हीकडे माल सारखाच भरला होता असं समजायचं. कमीजास्त आली, तर त्या हिशेबानं आपल्या प्रथिनाचं माप दुरुस्त करून घ्यायचं. थोडक्यात, लोडिंग कंट्रोल हे या तराजूतलं वजनाचं माप. संशोधनाच्या निबंधांत चित्राच्या तळाशी एकसारख्या काळ्या पट्ट्यांची एक ओळ असते, ती बहुतेक वेळा हीच. वाचणारा तिच्यावर एक नजर टाकतो, 'ठीक आहे' म्हणतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं असं, की खरी गफलत इथेच होते.

या कामासाठी वर्षानुवर्षं तीन प्रथिनं वापरली जातात. पेशीचा सांगाडा उभा ठेवणारं अ‍ॅक्टिन, साखरेपासून ऊर्जा काढण्याच्या कामातलं जीएपीडीएच हे विकर, आणि पेशीतल्या सूक्ष्म नळ्या बनवणारं ट्युब्युलिन. यांना 'हाउसकीपिंग' म्हणजे घर चालवणारी प्रथिनं म्हणतात. घर कोणतंही असो, चूल पेटणार, केर निघणार, तसं कोणत्याही पेशीत ही प्रथिनं असणारच. आणि असणारच म्हणून ती सारखीच असणार, असं गृहीत धरलं गेलं.

पण 'असणार' आणि 'सारखंच असणार' यांत फार अंतर आहे. मीठ प्रत्येक घरात असतं. म्हणून मिठाच्या खपावरून घरात माणसं किती, याचा अंदाज बांधायला गेलात तर एरवी कदाचित जमेलही. पण उन्हाळ्यात ज्या घरात लोणची-पापडांचा घाट घातलेला असतो, तिथे चार माणसांच्या घरात दहा माणसांचं मीठ लागेल. मिठाचं माप खोटं नाही. तुम्ही ते विचारलंत ती वेळ चुकीची होती.

जीएपीडीएचचंच बघा. ते साखरेच्या ज्वलनातलं विकर. इन्शुलिनमुळे चरबीच्या पेशींत त्याचं प्रमाण वाढतं. ऑक्सिजन कमी पडला की काही पेशी ते जास्त बनवतात. पुष्कळ कॅन्सर-पेशी साखर अधाशासारखी वापरतात आणि त्यांच्यात हे विकर मुळातच जास्त असतं. मग मधुमेहाच्या किंवा गाठीच्या संशोधनात तेच 'न बदलणारं' म्हणून कसं घ्यायचं?

अ‍ॅक्टिनही तसंच. जखम भरताना, पेशी हालचाल करू लागली की, किंवा एका प्रकारची पेशी दुसऱ्या प्रकारात घडत असताना सांगाड्याची बांधणीच बदलते. शिवाय अ‍ॅक्टिनचे अनेक भाऊ आहेत. बहुतेक पेशींत बीटा-अ‍ॅक्टिन भरपूर असतं, पण आपल्या हातापायांच्या स्नायूंत अल्फा-अ‍ॅक्टिनचं राज्य आहे. तिथे फक्त बीटाला ओळखणारं प्रतिपिंड घेतलं तर पट्टी फिकी येणार. आणि सगळ्या भावांना ओळखणारं घेतलं तर ऊतीऊतींची तुलना वेगळीच निघणार. बाटलीवर 'अ‍ॅक्टिन' लिहिलंय एवढ्यानं भागत नाही. कोणतं अ‍ॅक्टिन, हे विचारावंच लागतं.

ट्युब्युलिनची गोष्ट तर आपल्या अंगणातून सुरू होते. सदाफुलीपासून व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं मिळाली. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असतं. ही सगळी द्रव्यं काम करतात ती ट्युब्युलिनवर. कोल्चिसिननं नळ्या मोडल्या आणि सुटं ट्युब्युलिन वाढलं की पेशी ट्युब्युलिन बनवण्याचे निरोपच नष्ट करू लागते. अशा औषधाची परीक्षा घेताना ट्युब्युलिनलाच माप धरणं म्हणजे ज्याच्यावर खटला आहे त्यालाच साक्षीदार म्हणून उभं करणं.

याचा हिशेब काय बिघडतो, ते आकड्यांत पाहू. समजा आपलं प्रथिन औषधाआधी १०० आणि औषधानंतरही १००. काहीच बदल नाही. पण औषधामुळे आपलं माप धरलेलं प्रथिन १००वरून ५०वर आलं. भागाकार केला तर आधी एक, नंतर दोन. निबंधात छापून येणार, 'या औषधानं अमुक प्रथिन दुप्पट होतं'. प्रयोग करणाऱ्यानं काहीही लपवलेलं नाही, गणितही बरोबर आहे. तरी निष्कर्ष सपशेल खोटा. आणि त्या निष्कर्षावर पुढचा कोणीतरी आपली तीन वर्षं, उंदरांचे जीव आणि करदात्यांचा पैसा घालणार.

दुसरा धोका याच्या उलटा आहे आणि माझ्या मते जास्त फसवा. तांब्या काठोकाठ भरून वाहायला लागला की त्यात आणखी एक पेला ओतला काय आणि दोन ओतले काय, तांब्यात पाणी तेवढंच. अ‍ॅक्टिन पेशीत इतकं विपुल असतं, की नेहमीच्या २०-३० मायक्रोग्रॅम प्रथिनाला त्याची पट्टी काळीकुट्ट होऊन बसते. मग एका खाचेत २० मायक्रोग्रॅम आणि शेजारी ४० मायक्रोग्रॅम भरलं तरी दोन्ही पट्ट्या सारख्याच काळ्या. म्हणजे माल दुप्पट झाला तरी माप म्हणतं, 'सारखंच आहे'. ज्या कामासाठी त्याला बसवलं, नेमकं तेच काम ते करत नाही. २००६ साली जर्मनीतल्या दोन संशोधकांनी एका छोट्याशा निबंधात हेच दाखवलं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये नेहमी जेवढं प्रथिन भरतात, तेवढ्या प्रमाणात बीटा-अ‍ॅक्टिनची पट्टी कमीजास्त मालातला फरक सांगू शकत नाही, असं त्यांना आढळलं. जुन्या एक्स-रे फिल्मवर हा दोष आणखी वाढायचा, कारण एका मर्यादेनंतर फिल्म काळी ती काळीच. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे परिस्थिती सुधारली आहे, पण संपलेली नाही.

म्हणून एकसारख्या, सुबक, काळ्याभोर पट्ट्यांची ओळ दिसली की मला आनंद होण्याऐवजी शंका येते. थोडी कमीजास्त झालेली, करड्या रंगाची ओळ अनेकदा जास्त प्रामाणिक असते.

तिसरी गोष्ट खुद्द अँटिबॉडीची. लोडिंग कंट्रोलसाठी प्रथिन कोणतं घ्यायचं हे ठरलं तरी त्याला ओळखणारं प्रतिपिंड खरोखर त्यालाच ओळखतं का? प्रतिपिंडं तीन तऱ्हांनी मिळतात. पहिली, प्राण्याला ते प्रथिन टोचून त्याच्या रक्तातून घेतलेली. त्यात अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असते. तो ससा गेला की तसंच मिश्रण पुन्हा मिळत नाही. दुसरी, एकाच पेशीच्या वंशातून वाढवलेली, अगदी एकसारखी. ही युक्ती १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी शोधली आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. तिसरी, ज्यांचा जनुकीय आराखडाच लिहून ठेवलेला आहे आणि त्यावरून हवी तेव्हा पुन्हा बनवता येतात अशी, म्हणजे रिकॉम्बिनंट. पहिली म्हणजे आजीच्या हाताचा मसाला, चव छान पण दर वर्षी वेगळी. तिसरी म्हणजे प्रमाण लिहून ठेवलेला मसाला.

हा फरक किती महत्त्वाचा आहे? २०१५ साली 'नेचर'मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून मागणी केली, की संशोधनातली प्रतिपिंडं आराखड्यानिशी, प्रमाणित असावीत. पुढे कॅनडातल्या माँट्रियल इथून चालणाऱ्या एका प्रकल्पानं मेंदूशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडं सारख्याच कसोटीवर तपासली. २०२३ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. कसोटी सोपी होती. ज्या पेशीतून ते जनुकच काढून टाकलंय, तिथे पट्टी नाहीशी व्हायला हवी. कित्येक प्रतिपिंडांची पट्टी तिथेही जशीच्या तशी राहिली. म्हणजे ती भलत्याच प्रथिनाला पकडत होती. अशी नापास प्रतिपिंडं वापरलेले निबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बाराच्या आसपास सापडले. एकूणात रिकॉम्बिनंट प्रतिपिंडं सगळ्यांत सरस ठरली. लोडिंग कंट्रोलच्या प्रथिनांबाबत ही कसोटी जरा अवघड असते, कारण त्यांतल्या काहींवाचून पेशी जगतच नाही. तिथे ते प्रथिन काही काळापुरतं कमी करून पट्टी त्या प्रमाणात फिकी होते का, हे बघावं लागतं. किंवा त्याच प्रथिनाचा वेगळा भाग ओळखणारं दुसरं प्रतिपिंड घेऊन दोघांची साक्ष जुळते का, ते पाहायचं.

मग निवड करायची कशी? प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी 'कोणतं लोडिंग कंट्रोल मागवू?' असं विचारतो, तेव्हा मी नाव सांगत नाही. मी त्यालाच पाच प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न, तुझा नमुना कशाचा आहे? सबंध पेशींचा असेल तर अ‍ॅक्टिन, ट्युब्युलिन, व्हिन्क्युलिन यांचा विचार करता येईल. पण तू फक्त पेशीकेंद्रं वेगळी काढली असशील, तर माप केंद्रातलंच हवं, हिस्टोन एच-थ्री किंवा लॅमिन बी-वन. तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया वेगळ्या काढल्या असशील तर कॉक्स-फोरसारखं तिथलं प्रथिन हवं. पेशीचं आवरण असेल तर सोडियम-पोटॅशियम पंप. आणि रक्तद्रव असेल तर यातलं काहीच चालणार नाही, कारण ही सगळी पेशीच्या आतली मंडळी. जिवाणूंवर काम करणाऱ्यानं तर सस्तन प्राण्यांसाठी बनवलेली ही प्रतिपिंडं वापरायचा विचारही करू नये.

दुसरा प्रश्न, तू जे करणार आहेस त्यानं हे प्रथिन बदलतं का? साखर, ऑक्सिजन, इन्शुलिन यांत हात घालणार असशील तर जीएपीडीएच नको. पेशीचा आकार, हालचाल, स्नायू यांवर काम असेल तर अ‍ॅक्टिनबद्दल सावध. म्हाताऱ्या पेशींवर काम असेल तर लॅमिन बी-वन नको, कारण पेशी म्हातारी झाली की ते कमी होतं. आधीच्यांचे निबंध वाच. पण त्यावर थांबू नकोस. तुझ्याच पेशींत, तुझ्याच औषधानंतर, नेमका मोजून सारखा माल भर आणि ते प्रथिन हलत नाही ना, हे डोळ्यांनी बघ.

तिसरा प्रश्न, वजनं एकमेकांच्या अंगावर तर येत नाहीत ना? अ‍ॅक्टिन सुमारे ४२ किलोडाल्टनचं, जीएपीडीएच ३६-३७चं, ट्युब्युलिन ५०-५५चं, व्हिन्क्युलिन १२०च्या आसपास, हिस्टोन एच-थ्री साधारण १५-१७चं. तुझं प्रथिन ४५चं असेल तर अ‍ॅक्टिनची पट्टी त्याला खेटून येणार. दूरचं निव, म्हणजे पडदा आडवा कापून दोन्ही एकाच वेळी बघता येतील. एकदा लावलेलं प्रतिपिंड रसायनानं धुऊन त्याच पडद्यावर दुसरं लावण्याची पद्धत आहे खरी, पण त्या धुण्यात थोडी प्रथिनंही वाहून जातात.

चौथा प्रश्न, दोन प्रतिपिंडं कोणत्या प्राण्यांची आहेत? एक सशाचं आणि एक उंदराचं असेल तर दोन वेगळ्या रंगांची दुसरी प्रतिपिंडं लावून एकाच पडद्यावर दोन्ही मोजता येतात. पण नमुनाच उंदराच्या अवयवाचा असेल आणि पहिलं प्रतिपिंडही उंदराचं असेल, तर दुसरं प्रतिपिंड नमुन्यातल्या उंदराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाही पकडतं. मग ५० आणि २५ किलोडाल्टनच्या जवळ उपऱ्या पट्ट्या उमटतात. पन्नासची पट्टी नेमकी ट्युब्युलिनच्या अंगावर. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय झकास ट्युब्युलिन आलंय!

पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. माल दुप्पट केला की पट्टी दुप्पट होते का? हे तपासायला एक दिवस आणि एक जेल लागतं. एकाच नमुन्याचं अडीच, पाच, दहा, वीस, चाळीस मायक्रोग्रॅम ओळीनं भरायचं आणि पट्ट्या मोजायच्या. कुठपर्यंत आलेख सरळ चढतो आणि कुठून आडवा पडतो, ते बघायचं. जिथे तुझ्या प्रथिनाचा आणि मापाचा, दोघांचाही आलेख सरळ आहे, तेवढाच माल भरायचा. असा टापू सापडला नाही, तर ते माप सोडून कमी विपुल असलेलं दुसरं बघायचं. प्रतिपिंड किती पातळ करायचं आणि फोटोला किती वेळ द्यायचा, हेही याच जेलवर ठरतं.

एवढं ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग एकाच प्रथिनावर भिस्त ठेवायचीच कशाला? अगदी रास्त प्रश्न आहे, आणि गेल्या काही वर्षांत शास्त्रही त्याच दिशेनं गेलं आहे. घरातल्या एका मिठाच्या डब्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा सगळी रेशन-पिशवीच तोलावी, तसं पडद्यावर उतरलेलं सगळंच्या सगळं प्रथिन मोजता येतं. पॉन्सो एस नावाचा लाल रंग आहे. पडदा त्यात बुडवला की पाच-दहा मिनिटांत प्रत्येक रांगेतली सगळी प्रथिनं गुलाबी-लाल दिसतात. फोटो घ्यायचा आणि रंग पाण्यानं धुऊन टाकायचा. नंतर प्रतिपिंड लावायला पडदा मोकळा. एखादं प्रथिन औषधानं वरखाली झालं तरी हजारो प्रथिनांच्या बेरजेत ते बुडून जातं. वेगवेगळे चमकणारे रंग आणि अतिनील प्रकाशात आपोआप दिसणारी जेलसुद्धा मिळतात. 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'सारखं जुनं, नावाजलेलं नियतकालिकही एखाद्या हाउसकीपिंग प्रथिनापेक्षा एकूण प्रथिनानं माप करणं बरं, असं लेखकांना सांगतं. अर्थात इथेही माल दुप्पट केल्यावर रंग दुप्पट होतो का, हे तपासावंच लागतं. मापाची परीक्षा टळत नाही.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांना या पॉन्सोचं विशेष अप्रूप वाटायला हवं. प्रतिपिंडाची एवढीशी कुपी हजारो रुपयांची, बरीचशी परदेशातून येणारी, बर्फात येणारी आणि वाटेत कस्टममध्ये अडकणारी. तिच्या तुलनेत हा रंग फार स्वस्त. ज्या महाविद्यालयात पैशांची चणचण आहे तिथेही चांगलं माप ठेवता येतं. प्रामाणिक मोजणीला नेहमी महागडं यंत्र लागतं असं नाही.

आता एक नाजूक विषय. लोडिंग कंट्रोलची ओळ कोणी नीट बघत नाही, हे ठाऊक असल्यामुळे तिथे लबाडीही होते. एका प्रयोगातली अ‍ॅक्टिनची पट्टी दुसऱ्या प्रयोगाखाली चिकटवायची, उलटी करून वापरायची, असे प्रकार सापडले आहेत. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ ते २०१४ या काळातले २०,६२१ निबंध डोळ्यांखालून घातले. २०१६ साली त्यांनी सांगितलं, की ३.८ टक्के निबंधांत चित्रांची शंकास्पद पुनरावृत्ती होती आणि त्यांतल्या निम्म्या तरी ठिकाणी ती जाणूनबुजून केल्यासारखी दिसत होती. त्या अभ्यासाच्या एका भागात भारत आणि चीनमधून आलेल्या निबंधांत हे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण झाकूनही ठेवता येत नाही. प्रत्येक पुनरावृत्ती लबाडीच असते असं नाही. शेकडो फोटोंच्या गर्दीत चुकीची फाइल उचलली जाऊ शकते. म्हणूनच न कापलेल्या, मूळ पडद्याचे फोटो जपून ठेवणं आणि मागितले तर दाखवणं, ही साधी शिस्त हवी. लोडिंग कंट्रोल त्याच पडद्यावरचं आहे की वेगळ्या, हे निबंधात स्पष्ट लिहावं. प्रतिपिंडाचं नाव, प्रकार, उत्पादनाचा क्रमांक, किती पातळ केलं, हेही लिहावं, म्हणजे दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता येतो.

तुम्ही म्हणाल, आम्हाला याचं काय? आम्ही थोडेच ब्लॉट करणार? खरं आहे. पण 'अमुक वनस्पतीच्या अर्कानं कॅन्सरचं प्रथिन निम्म्यावर आणलं' अशा बातम्या तुम्ही वाचता. घरातलं कोणी आजारी असेल तर त्या बातमीचं कात्रण काढून ठेवता, कधी त्या अर्काची बाटलीही आणता. त्या 'निम्म्यावर' या एका शब्दामागे कुठेतरी एक पडदा, दोन पट्ट्या आणि एक माप असतं. ते माप कोणी तपासलं होतं का, दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून बघितला का, हे विचारायला प्रयोगशाळेचं शिक्षण लागत नाही. तुमची मुलं, भाचरं जीवशास्त्र शिकत असतील तर त्यांनाही हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर द्यायला त्यांना एक जेल जास्त चालवावं लागेल, एक दिवस जास्त जाईल. तेवढा दिवस जाऊ द्यावा. चुकीच्या मापावर उभ्या राहिलेल्या संशोधनात कोणाची तरी वर्षं जातात, आणि ज्या रुग्णासाठी ते चाललेलं असतं, त्याच्याजवळ तेवढी वर्षं नसतात.